काळ्या मातीवरचा टप्पा

बास्केटबॉल हा फरशीचा खेळ आणि माझी सगळी नोकरी गेली काळ्या मातीत. मानवतच्या एका शाळेत नव्वदच्या दशकात मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. एवढ्या काळात कबड्डी, खो-खोचे संघ घडवले, पंधरा ऑगस्टची संचलनं बसवली, जनगणना केली, निवडणुकीची कामं केली. पण गावाने नाव ठेवलं ते ‘बास्केटबॉलवाले सर’. ज्या खेळात बक्षिसं सगळ्यांत कमी मिळाली, त्याच खेळावरून माणूस ओळखला जावा, यात थोडी थट्टाही असेल. माझी तक्रार नाही. कोणत्या गावात कोणता खेळ रुजतो आणि कोणता रुजत नाही, याचा विचार मला याच खेळाने करायला लावला.

मानवत हे परभणी जिल्ह्यातलं कापसाचं गाव. दसरा-दिवाळीच्या सुमाराला जिनिंग-प्रेसिंगच्या फॅक्टऱ्या सुरू झाल्या की बाजार समितीकडे जाणारा रस्ता कापसाच्या गाड्यांनी भरून जातो. मी आलो तेव्हा कापसाची एकाधिकार खरेदी योजना चालू होती. माप होईपर्यंत शेतकरी गाडीखालीच मुक्काम करत. आमच्या बऱ्याच मुलांचे आई-बाप हंगामात जिनिंगवर आणि उरलेल्या दिवसांत शेतमजुरीला असायचे. दुपारनंतर वर्ग ओस पडू लागले की समजायचं, वेचणी सुरू झाली. खेळाचा तास वेळापत्रकात शेवटचा असायचा, म्हणजे ज्या तासाला मुलं सगळ्यांत कमी तो माझा.

माझं शिक्षण अमरावतीला, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या महाविद्यालयात झालं. १९१४ साली सुरू झालेल्या या संस्थेचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे गेलं होतं आणि त्याने कबड्डीसारखे देशी खेळ जगाला करून दाखवले होते, हे आम्हाला पहिल्या काही दिवसांतच ऐकवलं जायचं. त्याच बर्लिनमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा ऑलिंपिक पदकासाठी खेळला गेला, हे मला पुढे वाचनातून कळलं. जर्मनांनी सामने उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या कोर्टांवर ठेवले होते. १४ ऑगस्टला अमेरिका आणि कॅनडा यांचा अंतिम सामना चालू असताना पाऊस कोसळला, कोर्टाचा राडा झाला आणि चेंडू टप्पा घेईना. अमेरिका जिंकली ती १९-८ अशी. उत्तरार्धात दोन्ही संघांना मिळून फक्त आठ गुण करता आले. या खेळाचा जनक जेम्स नेस्मिथ त्या ऑलिंपिकला हजर होता. हा प्रसंग मी मुलांना पुष्कळदा सांगितला, कारण आमच्या मैदानावर दर पावसाळ्यात बर्लिन यायचं.

शाळेत बास्केटबॉलचं सामान म्हणून काहीच नव्हतं. कडी आम्ही लोहाराकडून करून घेतली. बैलगाडीच्या चाकाला धाव बसवणारे एक मामा होते. त्यांना म्हटलं, आतून पंचेचाळीस सेंटिमीटरचं कडं पाहिजे, सळई बोटाएवढी जाड. त्यांनी सुतळीने माप घेतलं, चाकाच्या हिशेबाने तो आकार त्यांना फारच लहान वाटला. “खेळणं करायलाव का सर?” म्हणून हसले. बोर्ड सागाच्या जुन्या फळ्यांचा, खांब जिनिंगमधल्या भंगारातल्या पाइपाचा. जमिनीपासून कडीची उंची ३.०५ मीटर असावी लागते, ती मात्र मी टेपने मोजून घेतली. पहिल्या दिवशी मुलांनी चेंडू जोरात आपटला. तो मातीत बसला आणि वीतभर वर येऊन थांबला. “सर, ह्यो उठंनाच की!” सातवीतला एक पोरगा म्हणाला. पुढच्या माझ्या सगळ्या कामाचा मुद्दा त्याने एका वाक्यात सांगून टाकला होता.

आमची काळी जमीन खोल. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. जून-जुलैत मैदानावर चार पावलं टाकली की चपला उचलत नाहीत. उघडीप मिळून वाफसा आला की जमीन छान होते, पण त्या दिवसांत खुरपणीला, फवारणीला हात लागतात आणि मुलं शेतात जातात. हिवाळ्यात वरचा थर टणक होतो, चेंडू उठतो, पण ढेकळावर पडला तर भलतीकडेच जातो. मार्चपासून भेगा पडायला लागतात. मे महिन्यात त्यांत हात कोपरापर्यंत जाईल इतक्या त्या खोल असतात, आणि ऊन बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर. शालेय स्पर्धांचं वेळापत्रक तर वेगळंच. तालुका, जिल्हा, विभाग अशा फेऱ्या पावसाळ्यात सुरू होतात आणि दिवाळीच्या मागेपुढे उरकतात. सरावाचे महिने चिखलाचे, आणि मैदान खेळण्याजोगं होईपर्यंत स्पर्धा संपलेल्या. कबड्डीचं असं नव्हतं. चाळलेली माती पसरली, पाणी शिंपडून चोपली, फक्कीने रेषा मारल्या की मैदान तयार. खो-खोला दोन खांब आणि धावण्यापुरती सपाट जागा. हे खेळ आपल्याकडे परंपरेने आले असं आपण म्हणतो. ते या जमिनीवर खेळता येतात म्हणून टिकले, हेही तितकंच खरं.

मग मी नेस्मिथकडे परत गेलो. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी, ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांना कडाक्याच्या थंडीत सभागृहात काहीतरी खेळायला हवं, म्हणून त्याने पीच फळांच्या टोपल्या सज्जाला ठोकून हा खेळ तयार केला. त्याचे तेरा नियम जानेवारी १८९२ मध्ये छापले गेले. चेंडूचे टप्पे देत पळणं त्या नियमांत नव्हतंच. चेंडू हातात आला की धावायचं नाही, जिथे मिळाला तिथूनच पुढे टाकायचा. म्हणजे जी गोष्ट आमच्या मातीत होत नव्हती, ती मूळ खेळात नव्हतीच. पावसाळ्याभर आम्ही तोच जुना खेळ खेळायचं ठरवलं. चेंडू जमिनीला लावायचाच नाही. छातीजवळून पास, डोक्यावरून पास, पास देऊन लगेच मोकळ्या जागेत सरकायचं. ज्याच्याकडे चेंडू नाही त्यानेच जास्त पळायचं. मुलांना हे लवकर जमलं. खो-खोमुळे दिशा बदलण्याची आणि साथीदाराकडे न पाहता त्याची जागा ओळखण्याची सवय त्यांच्या अंगात होतीच.

टप्प्याचा सराव शाळेच्या व्हरांड्यात व्हायचा. तिथे शहाबादी फरशी होती. शाळा सुटल्यावर एकेका मुलाने व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत डाव्या हाताने टप्पे देत जायचं आणि उजव्या हाताने परत यायचं. मोठ्या सरांच्या खोलीवरून जाताना आवाज कमी करायचा, असा अलिखित नियम होता. त्यामुळे आमची मुलं चेंडू फार खाली, गुडघ्याच्या खालीच खेळवायला शिकली. ते तंत्राच्या दृष्टीने बरोबरच होतं. पण समोर प्रतिस्पर्धी उभा असताना टप्पा देणं हे दोन-तीन हात रुंदीच्या व्हरांड्यात शिकवता येत नाही.

हे जिल्ह्याच्या सामन्यांत उघड व्हायचं. परभणीला कोब्याच्या कोर्टवर शहरातल्या एका शाळेच्या संघाविरुद्धचा आमचा एक सामना मला अजून आठवतो. सुरुवातीला आमचे पास इतके भराभर फिरले की समोरच्या मुलांना चेंडू कुणाकडे आहे तेच कळेना. आम्ही पुढे होतो. मग त्यांच्या प्रशिक्षकांनी सगळ्या कोर्टभर एकास-एक माणूस चिकटवला. आता पास द्यायला मोकळं कुणीच नाही, आणि टप्पा देत बाजूने निसटायची सवय नाही. आमचा पोरगा चेंडू छातीशी धरून उभा राहायचा, पाच सेकंद व्हायचे, पंचांची शिट्टी वाजायची. आम्ही हरलो. परतीच्या एस.टी.त मुलं चेंडूबद्दल नाही, कोर्टबद्दल बोलत होती. किती गुळगुळीत आहे, चेंडू कसा हाताशी परत येतो. हरल्यापेक्षा त्या गोष्टीचं नवल त्यांना जास्त होतं.

हा खेळ जिथे रुजला ती ठिकाणं मी पुढे नीट पाहिली. भारतात तो ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेने आणला. १९२० साली मद्रासला हॅरी बक यांनी शारीरिक शिक्षणाचं विद्यालय सुरू केलं, तिथून शिकून बाहेर पडलेल्या शिक्षकांनी तो देशभर नेला. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ मध्ये दिल्लीत झाली. आपल्या महाराष्ट्रात मुंबईच्या नागपाड्याचं उदाहरण ठळक आहे. दाट वस्तीचा कष्टकऱ्यांचा भाग. तिथे १९२० च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनने नेबरहूड हाउस उभारलं. वस्तीतल्या पोरांना खेळायला जागा मिळाली, आणि पुढे त्याच गल्ल्यांतून अब्बास मुंतसिर यांच्यासारखे खेळाडू निघाले. त्यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. दुसरं उदाहरण भिलाईचं. १९५९ मध्ये तिथे पोलादाची पहिली भट्टी पेटली, प्रकल्पाची वसाहत झाली, वसाहतीबरोबर मैदानं आली. तिथल्या राजेश पटेल यांनी घडवलेल्या मुलींनी छत्तीसगडचं नाव देशाच्या बास्केटबॉलमध्ये मोठं केलं. रेल्वेचंही तसंच आहे. आपल्या पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली, ती रेल्वेकडून खेळली.

या सगळ्या ठिकाणी कोर्ट घालणारं आणि ते झाडणारं कुणीतरी होतं. मिशन, कारखाना, रेल्वे. शिवाय कारखान्याच्या किंवा रेल्वेच्या गावात बारमाही पगार असतो, पाळी असते आणि पाळी सुटल्यावर रिकामी संध्याकाळ असते. आमच्याच जिल्ह्यातलं पूर्णा घ्या. जंक्शनचं गाव, मीटरगेजच्या काळात तिथे इंजिनांची शेड होती, रेल्वेची वसाहत आहे. तिथल्या घरांमध्ये ठरल्या वेळी माणूस कामावरून परततो. जिनिंगच्या गावात कारखाना आहे, पण तो चार-सहा महिन्यांचा. हंगामात रात्रपाळीही चालते, हंगाम संपला की मजूर पांगतो. कारखानदारांनी देवळांना दिलं, शाळांना दिलं, धर्मशाळा बांधल्या. खेळाचं कोर्ट ही गोष्ट कुणाच्या डोळ्यांसमोरच नव्हती, कारण सहा महिन्यांच्या कामाला संध्याकाळ नसते.

कोर्टसाठी पैसे जमायला फार वर्षं गेली. थोडे सरकारी योजनेतून, थोडे गावातल्या देणग्यांतून. काम सुरू झालं तेव्हा बांधकाम पाहणाऱ्या अभियंत्याने पहिली गोष्ट सांगितली ती मला आवडली. “सर, वरचा कोबा कुणीही घालील. खालची काळी काढली नाही तर दोन पावसाळ्यांत त्याचे तुकडे होतील.” खेळाचं कोर्ट २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद. चारी बाजूंना दोन-दोन मीटर मोकळी जागा धरली तर सहाशे चौरस मीटरच्या वर जमीन उकरायची. काळी माती काढून बाजूच्या शेतांत टाकली, ती शेतकऱ्यांनी आनंदाने नेली. जिंतूरच्या डोंगरपट्ट्याकडून मुरूम आला. तो थराथराने पसरायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. भोवती नाली काढली, म्हणजे पावसाचं पाणी कोब्याखाली शिरणार नाही.

मुरूम भरून झाला आणि दुष्काळ आला. २०१६ चा उन्हाळा मराठवाड्यात कुणी विसरणार नाही. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं. आमच्याकडेही टँकरपुढे घागरींच्या रांगा होत्या. कोबा घातला की त्याला पुढे दोन आठवडे तरी रोज पाणी मारावं लागतं, नाहीतर तो ठिसूळ होतो. कंत्राटदार म्हणाला, टँकर मी आणतो, काम उरकून टाकू. रांगेतल्या बाया ज्या रस्त्याने घागरी नेत होत्या, त्याच रस्त्याच्या कडेला आम्ही सिमेंटवर पाणी ओतणार होतो. शाळेत बैठक झाली आणि काम थांबवलं. काही पालक चिडले, पैसे परत जातील म्हणाले. पैसे गेले नाहीत. त्या वर्षी पुढे पाऊस भरपूर झाला, मुरमावरून सगळा पावसाळा गेला. जिथे जिथे तो खचायचा तिथे खचला, मग खड्डे भरून पुन्हा रोलर फिरवला आणि त्यावर कोबा पडला. अभियंता म्हणाला, घाईत केलं असतं तर हाच खच कोब्यासकट झाला असता. आमचं कोर्ट आजही मोठं तडकलेलं नाही, त्यात आमच्या शहाणपणापेक्षा त्या एका पावसाळ्याचा वाटा मोठा आहे.

कोर्ट झालं आणि पहिल्याच ऑक्टोबरात सकाळी जाऊन पाहतो तर त्यावर सोयाबीन. कोर्टभर सारखं पसरलेलं, कडेला ताडपत्री, ताडपत्रीवर एक आजोबा. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, “वाळवू द्या की सर दोन दिस. तुमचा खेळ कुठं पळून चाललाय?” त्यांचंही बरोबर होतं. आर्द्रता जास्त असली की व्यापारी भाव पाडतो, आणि गावात एवढी सपाट, स्वच्छ, उन्हाची दुसरी जागा नव्हती. सोयाबीननंतर तूर, मग हरभरा, मध्येच कुणाच्या लग्नाचा मंडप. शाळेतून सूचना आली, कुंपण घाला आणि कुलूप लावा. कुलूप लावलं असतं तर चावी कुणाकडे, हा नवा वाद सुरू झाला असता. कोर्ट मुलांसाठी बांधलं, पण ते रिकामं ठेवायची ऐपत या गावाकडे नव्हती.

तोडगा खेळातूनच निघाला. तीनास-तीनचा बास्केटबॉल अर्ध्या कोर्टवर, एकाच कडीखाली खेळतात. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तो पहिल्यांदा आला. आम्ही त्याच्या आधीपासून नाइलाजाने खेळत होतो. सुगीत अर्धं कोर्ट धान्याला, अर्धं मुलांना. अट एकच. जो धान्य वाळवील त्याने ते उचलल्यावर सगळं कोर्ट झाडून द्यायचं, फक्त आपला अर्धा भाग नाही. शेंगांच्या टरफलांवरून पाय घसरतो, हे मुलांनी प्रात्यक्षिकासह पटवून दिलं. चेंडू सोयाबीनमध्ये गेला तर ज्याने टाकला त्याने विखुरलेलं धान्य सारखं करायचं, हा मुलांसाठीचा नियम. त्यामुळे एक अनपेक्षित फायदा झाला. पास अचूक झाले. आणि शाळेला शिपाई पुरत नव्हता, तिथे सुगीचे चार महिने कोर्ट रोज झाडलेलं मिळू लागलं. आजोबांचा नातू पुढच्या वर्षी संघात आला. तेव्हा ताडपत्रीवरून “अरे, उजवीकडं मोकळाय त्यो!” अशा सूचनाही येऊ लागल्या.

मुलींचं गणित वेगळं होतं. संध्याकाळी अंधार पडायच्या आत घरी, घरी पाणी, भाकरी, धाकटी भावंडं. आम्ही त्यांचा सराव पहाटे ठेवला. डिसेंबरात परभणीकडे पारा पाच-सहा अंशांवर येतो, चेंडू हाताला दगडासारखा लागतो, तरी त्या यायच्या. सलवारीवरच खेळायच्या, ओढणी कमरेला घट्ट बांधून. जिनिंगची रात्रपाळी संपवून घरी निघालेली एकीची आई रोज थोडा वेळ कठड्याशी थांबायची, कापसाचे तंतू केसांत तसेच. २०१७ मध्ये आमच्या परभणीची ज्योती गवते मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली, तेव्हा पालकांशी बोलणं बरंच सोपं झालं. आपल्या जिल्ह्यातली मुलगी, पेपरात फोटो. धावायला कोबा लागत नाही, रस्ता पुरतो, हेही तितकंच खरं आणि म्हणूनच जिल्ह्यात धावणाऱ्या मुली जास्त निघाल्या. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण २००५ पासून आहे. त्यासाठी लागणाऱ्या पातळीपर्यंत आमच्या बास्केटबॉलच्या मुली पोचल्या नाहीत. एक जण पोलीस भरतीत निवडली गेली ती खुल्या मैदानी चाचणीतून. ती मला म्हणाली, पहाटे उठायची सवय कामी आली. मी तेवढंच श्रेय घेतो.

मला वाटायचं, जमिनीचा हा प्रश्न माझ्या एकट्या खेळापुरता आहे. पण २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि आमच्याकडच्या स्पर्धाही मॅटवर जाऊ लागल्या. मातीवर वाढलेली आमची कबड्डीची पोरं मॅटवर उतरली तेव्हा त्यांचे गुडघे आणि कोपरं सोलून निघाली. बूट घालून चढाई कशी करायची इथपासून शिकावं लागलं. खो-खोही त्याच वाटेने गेला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताचे दोन्ही संघ जिंकले, तो खेळही मॅटवरच रंगला. आमच्या मराठी मातीतला खेळ म्हणून आपण अभिमानाने बोलतो, आणि तालुक्याच्या शाळेतला शिक्षक मॅटचा संच कुठून आणायचा या विवंचनेत असतो. कबड्डीचे जे सहकारी पूर्वी माझ्या बास्केटबॉलला हसायचे, ते आता मॅट कुठे ठेवायची, उंदरांपासून कशी वाचवायची, लग्नाला मागायला आलेल्या पुढाऱ्याला काय सांगायचं, असले प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात.

निवृत्तीनंतरही तालुक्याच्या प्रशिक्षणांना मला बोलावतात. नव्याने लागलेले शिक्षक विचारतात, सर, शाळेत कोणता खेळ सुरू करू? मी त्यांना सांगतो, आधी चेंडू मागू नका. मैदान जूनमध्ये बघा आणि पुन्हा मे महिन्यात बघा. दोन्ही वेळा त्यावर जे खेळता येईल त्याने सुरुवात करा. त्यापलीकडचं काही हवं असेल तर पैसे वरच्या कोब्यात नाही, खालच्या मुरमात घाला. आणि त्या जागेवर आधीपासून कोण काय करतं याची यादी काढा. कोण धान्य वाळवतं, कोण गुरं बांधतं, कोण मंडप टाकतं. त्यांना हाकलून खेळ सुरू केलात तर तो तुमची बदली होईपर्यंत चालेल. त्यांच्या हातात झाडू देऊन सुरू केलात, तर तुमच्या मागेही चालेल.